कपाटातला कॅमेरा

प्रयोगशाळेतल्या ताईंचा एक नेम होता. संशयिताच्या कॅमेऱ्याबरोबर त्या प्रकरणाशी सुतराम संबंध नसलेला एखादा कॅमेराही तपासायच्या. चाचणी ऊठसूट कुणाशीही जुळत नाही, हे त्यातून दिसायचं. या खेपेला त्यांनी घरच्या कपाटातला, दादाने भेट दिलेला कॅमेरा आणला.

प्रकरण किळसवाणं होतं. एका शिक्षिकेचे बाथरूमच्या खिडकीतून चोरून काढलेले फोटो कुणीतरी पसरवले होते. ती बिचारी नोकरी सोडून निघून गेली. कोठडीत होता तिच्या शेजारचा मोबाइल दुरुस्त करणारा. फोटोंत लपलेली तारीख, कॅमेऱ्याचं नाव, सगळं आधीच पुसलेलं होतं. पण कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या प्रत्येक सेन्सरमध्ये जन्मजात बारीक खोट असते. ती त्याच्या हरेक फोटोत उतरते आणि पुसता पुसत नाही. ताईंनी दोन्ही कॅमेऱ्यांनी कोऱ्या भिंतीचे ढीगभर फोटो काढून ती खोट वेगळी केली आणि पसरलेल्या फोटोंशी ताडून पाहिली.

दुरुस्तीवाल्याचा कॅमेरा जुळला नाही. दादाचा जुळला.

आपलंच काही चुकलं म्हणून त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. मागे जेवताना दादाने विचारलं होतं, "फोटोतली माहिती पुसायची कशी गं?" आणि या शहाण्या बाईने भाव खात शिकवलं होतं. सेन्सरचं सांगायला लागल्या, तर त्याला जांभई आली.

त्यांनी फोन लावला. "दादा, त्या बाईंचे फोटो तू काढलेस?"

तो आधी हसला, मग चिडला, मग लाडात आला. "कॅमेरा कुणाच्या कपाटात आहे, वेडाबाई? आधी तुझ्या नवऱ्यालाच नेतील. गप्प बस ना."

वाढदिवस नाही, काही नाही, तरी हा महागडा कॅमेरा का देऊन गेला, ते आता कळलं. तपासणाऱ्या बाईच्या घरी कोण शोधणार? आणि त्या 'माझा दादा' म्हणत चार लोकांत मिरवत होत्या. त्यांना स्वतःची शिसारी आली.

तपास करणारे साहेब दारातून डोकावले. "झालं का, ताई? हा दुसरा नेहमीसारखाच ना, संबंध नसलेला?"

ताईंनी कॅमेरा त्यांच्यापुढे सरकवला.

"संबंध आहे, साहेब. माझ्या सख्ख्या भावाचा आहे. पण सापडला माझ्या घरात, तेव्हा आधी आम्हा नवराबायकोलाच विचारा."