प्रार्थना संपेपर्यंत

मी करुणामाता बोलतेय. नाव मोठं आहे, पण हात जोडू नका. कपाळापासून हनुवटीपर्यंत माझा चेहरा दुभंगलाय आणि सध्या मी भट्टीजवळच्या दगडावर आडवी पडलेय.

आधी मी नुसतं मेण होते. मला घडवलं मूर्तिकाराच्या मुलीने. तिचे बाबा जन्मभर कांस्यात करुणामाताच ओतत आले. चेहरा त्यांच्या वडिलांपासून ठरलेला: गुळगुळीत, झोपेत हसल्यासारखा. मेणाला हात लावण्यापूर्वी ते उपास करत. भक्ती खरी होती, त्यात खोट नाही. त्यांचा अंगठा मेणावरून फिरायचा तेव्हा तोही प्रार्थनाच म्हणतोय असं वाटायचं. पण यंदा हात थरथरू लागले आणि मेणाचं काम मुलीकडे आलं.

तिने मला स्वतःच्या आईचा चेहरा दिला. ही आई वर्षानुवर्षं साच्याची माती तुडवते, भट्टीला हवा देते. धुराने बारीक झालेले डोळे, घट्ट मिटलेले ओठ.

आईने मला पाहिलं आणि चिखलाचे हात तसेच हवेत राहिले. "अगं बाई, माझं थोबाड कशाला घातलंस त्यात? लोक पाया पडतील त्याच्या!"

"पडू देत की. घरात तर कोणी पडत नाही."

आई हसली. बाबा हसले नाहीत. "करुणामाता कधी थकत नाही," ते म्हणाले.

"मग तिला थकलेल्यांचं दुःख कळतं कसं, बाबा?"

उत्तराऐवजी त्यांनी आवाज चढवला. मोठ्यांची जुनी युक्ती! पण प्रार्थनागृहात मूर्ती बसवायचा दिवस जवळ आला होता. दुसरं मेण घडवायला वेळ नव्हता. माझ्यावर मातीचे थर चढले, साचा भाजला, मेण वितळून वाहून गेलं. आत उरली माझ्या आकाराची पोकळी.

ओतायच्या सकाळी मायलेकींनी वितळलेल्या धातूचं भांडं, म्हणजे मूस, लांब दांड्यांच्या चिमट्यात पेलून साच्यावर आणली. अशा वेळी बाबा एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि ते "ओता" म्हणाले की मगच ओतायचं. शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. आजवर कधी चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला. त्यांच्या मनात माझा चेहरा खुपत होता.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"बाबा, धातू निवतोय!"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. आईने धातूकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि दांडी आणखी घट्ट धरली.

"ओता" आलं तेव्हा मी साच्यात जड, आळसट उतरले. चेहऱ्यापाशी दोन बाजूंनी आलेला धातू भेटला, पण एकजीव झाला नाही.

साचा फोडल्यावर बाबांनी माझ्या चेहऱ्यावरच्या भेगेवरून बोट फिरवलं. "पाहिलंत? देवाने हा चेहरा नाकारला."

"देवाचा काय संबंध? तुम्ही उशीर केलात!" मुलगी म्हणाली.

"जीभ आवर."

मोठ्यांचं एक बरं असतं. साधलं की हात त्यांचा, बिघडलं की मर्जी देवाची. मी आतून जळून निघालेली आहे, तरी एवढा चटका मला भट्टीतही बसला नव्हता.

भंगलेली मूर्ती ठेवायची नाही, फोडून वितळवायची, असा त्यांचा नेम. म्हणून आज त्यांनी घण आणलाय. "धर गं," ते बायकोला म्हणाले, "डोकं हलायला नको."

तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग तिने हात काढून घेतले.

"मी नाही धरणार."

"तुझा चेहरा आहे म्हणून?"

"चेहऱ्याचं सोडा हो. मूस माझ्या हातात होती. धातूचा रंग उतरताना मला दिसत होता आणि तुमच्या प्रार्थनेपुढे मी गप्प बसले. आता नाही बसणार."

बाबांचा घण वरही जात नाही, खालीही येत नाही. मुलगी येऊन आईशेजारी उभी राहिली आहे.

बाबा, मी वितळायला भीत नाही. पुन्हा मेण होईन, पुन्हा ओतली जाईन. पण घाव घालण्याआधी या दोघींसमोर एवढंच म्हणा, "उशीर माझ्यामुळे झाला." म्हणालात, तर खुशाल मारा. डोकं मी स्वतःच स्थिर धरीन.