एतियेचा बुधवार

“आज बुधवार ना गं, उपास आहे माझा,” एतिये बेलेतू दार चेहऱ्याएवढंच उघडून म्हणाली. “ने ते खाली. तुझ्या पोरांना घाल.”

माझ्या हातात झाकलेलं ताट होतं. मसाल्याच्या लोण्यात परतलेली अंडी, आणि खाली माझ्या हातचा, सकाळीच तव्यावरून उतरवलेला, आंबोळीसारखा मऊ इंजेरा. चार मजले चढून आले होते मी. आमच्या इमारतीत लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही; तिथं लोक सायकली ठेवतात.

“बरं बाई,” म्हणाले आणि वळले. उपासाच्या बाईपुढं अंडी नेली म्हणून स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. तिसऱ्या मजल्यावर पोहोचले आणि पाय तिथंच थबकले.

कसला उपास?

ईस्टर होऊन पंधरा-वीस दिवससुद्धा झाले नव्हते. एरवी बुधवारी-शुक्रवारी आमच्यात दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मांस नाही, आणि दुपार कलेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. पण ईस्टरनंतरचे पन्नास दिवस मोकळे. तेव्हा बुधवार कसला नि शुक्रवार कसला! त्या दिवसांत उपास धरणं म्हणजे देवाच्या आनंदात विरजण घालणं. आणि हे मला शिकवलं कोणी? ह्याच बाईनं.

बेलेतू तिचं नाव, एतिये म्हणजे ताई; सगळी गल्ली तिला तेच म्हणायची. जुन्या वस्तीत तिचं घर चर्चच्या भिंतीला लागून होतं. पत्र्याचं छप्पर, दारात कॉफीची शेगडी. कॉफीचे दाणे भाजायला लागली की धुराबरोबर अख्खी गल्ली तिच्या अंगणात. एकटीनं कॉफी पिताना तिला कोणी पाहिलं नाही. कोणत्या संताचा दिवस कधी, कोणता उपास कधी सुरू, कधी सुटतो, सगळं तिच्या जिभेवर. भिंतीवर कॅलेंडर असूनही बायका माझ्यासकट तिलाच हाक मारून विचारायच्या, “एतिये, आज लोणी चालतंय का गं?” एकदा नव्या पाद्र्यानं सणाची तारीख चुकवली, तर बाई प्रार्थना संपल्यावर सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, “बाळा, पुन्हा मोज.” त्यानं मोजलं. आणि माफी मागितली.

मग वस्ती पाडली. ज्याला चिठ्ठीत जिथं घर निघालं तिथं तो गेला. अदिस अबाबाच्या चार कोपऱ्यांत आमची गल्ली विखुरली. एतियेचं नशीब की माझं, कोण जाणे, आम्ही दोघी एकाच इमारतीत आलो. मी पहिल्या मजल्यावर, ती चौथ्या. मी इंजेरा भाजून विकते. पहाटेपासून तव्यापुढं उभी. तिला रोज ताजा इंजेरा पाठवत होते, आणि शेजारधर्म झाला असं समजत होते.

ताट घेऊन मी परत वर गेले. या वेळी दार वाजवलं नाही, बडवलं.

“काय गं, आग लागली का?”

“आग तुझ्या डोक्याला लागलीय. एतिये, ईस्टर झालं. आज कसला उपास?”

ती माझ्याकडं बघत राहिली. मी आयुष्यात तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. शाळेत फळ्यापुढं उभं केलेल्या, काही न येणाऱ्या मुलीचा असतो तसा.

“झालं?” ती म्हणाली. “कधी झालं?”

मी तिला बाजूला सारून आत घुसले. स्वयंपाकघरात शेगडी थंड. मुलीनं परदेशातून पाठवलेले दूधपावडरचे डबे ओळीनं मांडलेले, एकाचंही झाकण उघडलेलं नव्हतं. आणि बाल्कनीत माझे इंजेरे! रोजचे, तुकडे करून कडकडीत वाळवलेले, पिशव्या भरभरून.

“हे काय आहे?”

“पाहुणे आले की लागतील ना.”

“कोणते पाहुणे येतात तुझ्याकडं?”

हे तोंडातून निसटलं आणि माझी मलाच लाज वाटली. एतिये पलंगावर बसली. शाल अंगाभोवती घेतली तेव्हा दिसलं, तिच्या दंडाला मांसच उरलं नव्हतं.

“शिताये,” ती हळू म्हणाली, “इथं घंटा ऐकू येत नाही मला. कोणी विचारायला येत नाही आज काय आहे म्हणून. मग मला तरी कसं कळावं? आणि एकटीनं ताट घेऊन बसलं की घास हातातच राहतो गं. समोर कोणी नाही, कोणाला म्हणू, ये, जेवू या? भिंतीला? त्यापेक्षा म्हणते, उपास आहे. उपास म्हटलं की मुलगीसुद्धा फोनवर गप्प बसते.”

मी तिला रागावायला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ओढत दवाखान्यात नेलं. नर्सनं दंडाला पट्टी लावून मोजलं, वजन केलं, मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, “झोप लागते का आई? रडू येतं का?”

“रडायला समोर कोणीतरी लागतं, मुली,” एतिये म्हणाली.

नर्सनं गोळ्या दिल्या आणि मला दाराबाहेर घेतलं. म्हणाली, “अंडं, दूध, डाळ, सगळं पोटात गेलं पाहिजे. पण ते तुम्ही नुसतं पाठवून जाणार नाही. हिच्यासमोर माणूस बसला पाहिजे. जीव उदास झालाय हिचा, त्यात भूक मरते. आणि हा विसरही वाढतोय का बघू, महिन्यानं परत आणा.”

संध्याकाळी जेद्दाहून तिच्या मुलीचा, हिरुतचा फोन आला. मी तो हिसकावून घेतला आणि सगळं सांगितलं. ती तिकडं कोणाच्यातरी घरी धुणंभांडी करते. मालकीण घरी परतायच्या आत दबक्या आवाजात बोलत होती. “मी काय करू शितायेताई, इथून तिला भरवू कशी?” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तिला तरी काय बोलणार?

घास भरवून घ्यायला एतिये तयार होईना. “मी काय बाळंतीण आहे की लहान मूल?” शेवटी मी तिच्या आत्म्याच्या बापाला गाठलं. आमच्यात प्रत्येकाचा एक असतो, ज्याच्यापुढं पापं सांगायची आणि जो सांगेल ते मुकाट करायचं. तिचे म्हणजे आब्बा वोल्दे. जुन्या चर्चचे, आता त्यांनाही दोन गाड्या बदलून यावं लागलं.

चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत म्हाताऱ्याला इतकी धाप लागली की एतियेच त्यांना पाणी द्यायला धावली. क्रूसाचं चुंबन घेतलं, पायाशी बसली.

“बेलेतू,” आब्बा म्हणाले, “तुझं वय झालं. मी तुला सगळ्या उपासांतून मोकळं करतो.”

बाई ताडकन उठली. “नको! सात वर्षांची होते तेव्हापासून धरतेय. तेवढं एक राहिलंय माझ्याजवळ, तेही घेणार तुम्ही?”

आब्बांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं.

“बरं. ते नाही घेत,” ते म्हणाले. “पण मोकळ्या दिवसांत तू उपास धरलास, वर खोटं बोललीस. हे पाप की नाही?”

“पाप,” ती पुटपुटली.

“मग प्रायश्चित्त घे. रोज एक वेळ दुसऱ्याबरोबर एका ताटात जेवायचं. पहिला घास त्याला भरवायचा, मग त्याच्या हातचा खायचा. ताटात बसायला कोणी नसेल तर शोधून आणायचा. चुकलीस तर मला सांगायला यायचं.”

“यापेक्षा शंभर दंडवत सांगा, आब्बा.”

“दंडवत तुला सोपे जातात, म्हणून तर सांगत नाही.”

आणि चाललं की ते! रोज दुपारी भाजणं आटोपलं की मी वर जायची. पहिल्या दिवशी तिनं घास माझ्या तोंडात कोंबला तो रागानंच, माझं नाक तिखटानं माखलं. “एका घासानं भांडण लागतं, दुसरा घे,” म्हणत दुसरा. मग मी तिला. ती आधी चिमणीएवढं खायची, मग भांडत खायला लागली. “मीठ विसरलीस. जुन्या वस्तीत तुझ्या सासूनंही असंच विसरलं असतं, वळण तिचंच!” दूधपावडरचा एक डबा फुटला, दुसरा फुटला. गालांवर थोडं मांस आलं. कधीकधी मात्र मला विचारायची, “आज चर्चला जायचं का? चल, पलीकडंच तर आहे.” मी म्हणायची, “जेवून जाऊ.” जेवेपर्यंत ती विसरायची.

मग माझा गावाकडचा भाऊ वारला. जाणं भागच होतं. चौथ्या मजल्यावर एतियेच्या समोरच्या दारात मेकलित राहते, बँकेत असते. तिला मी हात जोडून सांगितलं, “रोज एक घास खा तिच्यासोबत. बाकी काही नको.” “एवढंच ना ताई? निर्धास्त जा,” ती म्हणाली. मनापासूनच म्हणाली असणार.

गावात दिवसकार्य, रडणं, पाहुणे. तिथंच ईस्टरनंतरचे ते मोकळे पन्नास दिवस सरले. बुधवार-शुक्रवार पुन्हा लागले. परतीच्या दिवशी बुधवारच होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि बसमधून उतरले तेव्हा तोंड सुकून लाकूड झालेलं. घरी न जाता गाठोडं पाठीवर घेऊनच वर निघाले.

तिसऱ्या मजल्यावर आले तर वरून तिचा आवाज. “ये बाळा, जेवू या.”

कोणीतरी म्हणालं, “जेवा, जेवा, देव बरकत देवो,” आणि पावलं खाली आली. तो तिसऱ्या मजल्यावरचा चर्चला जाणारा माणूस, पांढरी शाल पांघरलेला. माझ्या जवळून जाताना मान हलवून हळूच म्हणाला, “बघा हो, आजच्या दिवशी काय घेऊन बसल्यात.”

एतिये जिन्याच्या चौकात बसली होती. विणलेली जेवणाची टोपली तिनं घरातून ओढून आणली होती, पुढं बसायला दोन बुटकी स्टुलं. स्वतः एका स्टुलावर, दुसरं रिकामं. डोक्याला स्वच्छ रुमाल. टोपलीत इंजेरा, त्याच्या कडा वाळून वर वळलेल्या, आणि मधोमध लोण्यात परतलेली अंडी. लोणी थिजून पांढरं झालं होतं. एक घासही मोडलेला नव्हता.

समोरचं दार उघडून मेकलित बाहेर आली. डोळे खाली. “ताई, पहिले दोन-तीन दिवस जेवले मी. मग कामावरून यायलाच उशीर व्हायचा. ताट दारात ठेवत होते... त्या रोज अशाच बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावतात. लोक आशीर्वाद देऊन जातात.”

तिच्यावर ओरडावं असं फार वाटलं. ओरडले नाही. गाठोडं खाली टाकलं.

“आलीस?” एतियेचा चेहरा उजळला. पण गालांवर चढलेलं ते थोडंसं मांस गेलं होतं. “बस बस. कोणी बसतच नाही गं. सगळ्यांना घाई.” तिनं इंजेऱ्याचा तुकडा तोडला, त्यात अंडं गुंडाळलं, घास माझ्या तोंडाशी आणला. मग तो तिथंच थांबला. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि मला तिच्या डोळ्यांत भीती दिसली.

“शिताये, खरं सांग हं,” ती म्हणाली. “आज लोणी चालतंय ना?”

मी जन्मात कधी बुधवार मोडला नव्हता. बाळंतपणात आब्बांनी सवलत दिली होती तेव्हाही नाही. मेकलित माझ्याकडं बघत उभी होती. खाली शालवाला माणूस जिन्यातच थांबला होता, त्याची पावलं वाजत नव्हती.

“चालतंय एतिये,” मी मोठ्यानं म्हणाले, खालपर्यंत ऐकू जाईल असं. “आज सणच आहे.”

आणि तोंड उघडलं. थिजलेलं लोणी टाळूला चिकटलं. तसंच गिळलं. मग माझ्या हातानं तिला घास भरवला. ती चावत राहिली, गिळला, आणि दुसऱ्यासाठी स्वतःच तोंड पुढं केलं. टोपली रिकामी होईपर्यंत जेवली.