हरियालची फांदी

जुबेदाभाभीने डोलीतून आधी पिंजरा उतरवला आणि मग ती उतरली. मुनीर अंगणात एका पालखीच्या दारावर वेलबुट्टी रंगवत बसला होता. कुंचला कानामागे खोचून तो उठला आणि पिंजऱ्यात डोकावला. आत हरियाल होता, हिरव्या-करड्या रंगाचं रानकबूतर, पाय हळदीत बुडवून काढल्यासारखे.

“मेमसाहेबांचा?”

“नाही, तुझ्या सासऱ्याचा. आत घे, उन्हात मरेल.”

भाभीची जीभ अशीच होती. पाटण्याहून कलकत्त्याला येताना तिने अख्खी नाव हसवत आणली होती. आज मात्र ती ओढणीचं टोक चाळवत बसून राहिली.

दोघा भावांचं काम ठरलेलं होतं. थोरला करामत, म्हणजे भाभीचा नवरा, पक्षी काढायचा, धाकटा मुनीर झाड. त्यांना नोकरीला ठेवणाऱ्या इंग्रज मेमसाहेबांच्या बागेतले सगळे पक्षी असेच कागदावर उतरले. आधी पक्षी, नख्या रिकाम्या हवेत वळलेल्या, आणि मग त्या नख्यांखाली मुनीरची फांदी. खाली फारसीत नाव मात्र एकट्या करामतचं. आपलंही नाव घाला, असं मुनीर एकदाच म्हणाला. त्यावर करामतने सांगून टाकलं की यापुढे फांद्यांची गरज नाही. आणि खरोखरच त्यानंतर त्याने जमिनीवर चालणारेच पक्षी काढायला घेतले. सारस, करकोचे, बदकं. सख्ख्या भावावर माणसाने इतका डूख धरावा, हे मुनीरला फार लागलं. चितपूरला वेगळी खोली घेऊन तो शेठ लोकांच्या पालख्या रंगवू लागला.

“हरियाल काही जमिनीवर पाय टेकत नाही,” मुनीर म्हणाला. “म्हणून झाली वाटतं माझी आठवण.”

“टोमणे नंतर मार. आधी हे बघ.”

तिने मलमलीत गुंडाळलेला कागद उलगडला. मुनीरने पक्षी शोधला, पण कागदावर पक्षी नव्हताच. वडाची एक फांदी होती, पानं होती, थोडी लाल फळं होती, आणि वर मोकळी जागा.

“हे कुणी काढलं?”

“आमच्या घरात चितारी आहेत तरी किती?”

मुनीरला हसू फुटलं. “भाईजाननी, आणि फांदी? पहिल्या दिवसाचा शागीर्द परवडला.”

त्याने कागद उजेडात धरला आणि त्याचं हसू ओसरलं. पानं शिरांसकट जिथल्या तिथे होती. नजर कुठेच चुकली नव्हती. फांदीची कड तेवढी जागोजागी हलली होती. ती खरवडून पुन्हा काढली होती आणि पुन्हा तिथेच हलली होती.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“तू जायच्या आधीपासून. सारसाचं पीस मोठं, ते कसंबसं जमतं. बारीक पक्षी नाही जमत. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतात.”

“मला सांगायचं होतं.”

“थोरले ना ते. तुझ्याशी भांडणं सोपं गेलं त्यांना.” भाभीने नाक पुसलं. “पक्षी तू काढायचा आणि नाव तुझंच घालायचं, असा निरोप आहे. मेमसाहेबांनी ती फांदी नीट पाहिली की यांची नोकरी गेलीच म्हणून समज. हेही त्यांना ठाऊक आहे.”

पालखी अर्धवट राहिली. मुनीरने हरियालचा डोळा आधी रंगवून घेतला, पक्षी मेल्यावर डोळ्याचा रंग टिकत नाही म्हणून. मग भावाच्या फांदीवरच्या मोकळ्या जागेत कोळशाने अंग आखलं. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे पंख मिटलेला, शांत बसलेला पक्षी. तो त्याने बराच वेळ पाहिला, पुसला आणि पुन्हा आखला. भावाचा राग यावा की स्वतःचा, हे त्याला काम संपेपर्यंत उमगलं नाही.

चित्र घेऊन तो गेला तेव्हा करामत ओसरीत बसला होता, हात अंगरख्याच्या बाह्यांत ओढून घेतलेले. त्याने कागद हातात न घेता समोर ठेवायला लावला. खाली दोघांची नावं होती. तिथे त्याची नजर थांबली, मग वर पक्ष्याकडे गेली.

“पंख अर्धे उघडे का ठेवलेस? शेपटीही पसरलेली. अब्बांनी असं शिकवलं होतं?”

“नाही.”

“आणि ती फांदी तशीच ठेवलीस. पुसून नवी काढायची. मेमसाहेबांना रेघेतला कंप एका नजरेत दिसेल.”

मुनीर त्याच्या शेजारी बसला.

“दिसू द्या, भाईजान. हरियाल आत्ता येऊन बसलाय. फांदी हलणारच.”