मेल्खिओरचं मॅगझिन

"उचल हा पसारा! पीठ फुगून पातेल्याबाहेर आलंय. मी पाव काय डोक्यावर वळू?"

"दोनच मिनिटं, एल्सी. ही स्प्रिंग बघ. पहिल्या घडणीची आहे. हिचं टोक कसं वळवलंय ते..."

"मला स्प्रिंग नको दाखवू. मला टेबल दाखव!"

आमच्या घरातला शनिवार हा असा उजाडतो. माझ्या नवऱ्याने, वर्नर नेगेलीने, जन्मभर खोऱ्यातल्या शस्त्रागारात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर ते शस्त्रागार माझ्या स्वयंपाकघरात आणलं. जुन्या लष्करी रायफलींचे सुटे भाग. गोळी आत सरकवणारे बोल्ट, स्क्रू, नेम धरायच्या माश्या, पट्ट्यांच्या कड्या, लाकडी दस्ते. कुठून कुठून माणसं येतात, रुमालात गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा पुढे करतात आणि विचारतात, "हे कशाचं? याचं काय येईल?" वर्नर तो तुकडा खिडकीपाशी नेतो, उलटापालटा करतो, बारीकसा शिक्का शोधतो, झीज कुठे आहे ते अंगठ्याने बघतो आणि सांगतो. खोटं सांगत नाही, एवढं मात्र मी त्याची बायको असूनही कबूल करते.

त्याचं एक वेड होतं. आमच्याकडे लष्करी सेवा संपली की शिपाई आपली रायफल घरी नेतो. त्या रायफलीवर नंबर असतो, बोल्टवर तोच, नळीवर तोच, गोळ्या भरायच्या मॅगझिनवरही तोच. सगळे नंबर जुळले की रायफल अस्सल. संग्राहक तिच्यासाठी दुप्पट मोजायला तयार. एखादा नंबर जुळला नाही की वर्नरचं जेवण जात नसे. "एल्सी, मॅगझिन दुसरंच आहे गं," असं तो घरात कुणाला दुखणं निघाल्यासारखा सांगायचा.

त्या शनिवारी मी टेबल मोकळं करून घेत होते, तेवढ्यात कास्पर त्सेंगर दारात उभा राहिला. वरच्या वाडीतला, पंचाहत्तरी उलटलेला, जन्म गाईंमागे गेलेला. खांद्यावर त्याची रायफल.

"बोल्ट अडखळतोय," तो म्हणाला. "का माझी बोटंच अडखळतात, देव जाणे. नेमबाजीच्या आधी बघून ठेव."

मे संपता संपता आमच्याकडे नेमबाजीची जत्रा असते. खोऱ्यातली झाडून सगळी माणसं येतात, पाद्रीसुद्धा दोन गोळ्या झाडून जातो.

"कॉफी?" मी विचारलं.

"त्यात थोडी ब्रँडी असली तर."

"आणि नसली तर?"

"तर मी घाईत आहे," कास्पर म्हणाला आणि बसला.

तो गेल्यावर वर्नरने रायफल उघडली. बोल्टला काही झालं नव्हतं, नुसतं वंगण थिजलं होतं. पण तो एकदम ओरडला. मी हात पुसत धावले, वाटलं बोट कापलं.

"मॅगझिन याचं नाही! हे मेल्खिओरचं आहे!"

मेल्खिओर याग्गी हिवाळ्यात गेला होता. त्याची लेक त्याची रायफल वर्नरकडेच घेऊन आली होती आणि वर्नरने ती झुरिकच्या एका दाताच्या डॉक्टरांना विकून दिली होती. ब्रुप्पाखर त्यांचं नाव, मोठे संग्राहक. त्या रायफलीतलं मॅगझिन भलत्याच नंबरचं म्हणून वर्नरने ते काढून खोक्यात टाकलं होतं, आणि हिचं अस्सल सापडलं तर कळवतो असा शब्द दिला होता. आता त्याने ते खोकं माझ्या पिठाशेजारी उपडं केलं. मेल्खिओरच्या रायफलीतून निघालेल्या मॅगझिनवर कास्परचा नंबर होता. अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.

"शस्त्रागारात तपासणीच्या दिवशी दोघं एकाच बाकावर रायफली पुसत असणार," वर्नर म्हणाला. "तिथे अदलाबदल झाली आणि आम्हाला कळलंच नाही. आमचीच चूक, एल्सी. मीच तिथे होतो."

त्याचा चेहरा असा फुलला होता की मला रागावता येईना. कास्परचं मॅगझिन त्याने घासूनपुसून कास्परच्या रायफलीत बसवलं. मेल्खिओरचं कापसात गुंडाळलं आणि पोस्ट बंद व्हायच्या आत झुरिकला पाठवलं, एक पैसा न घेता. दोन रायफली एका दिवसात पूर्ण झाल्या! रात्री तो शिट्टी वाजवत झोपायला गेला.

आठवडाभराने कास्पर आला. रायफल उचलली, बोल्ट ओढून बघितला, खूश झाला. मग सवयीने मॅगझिन काढलं, हातात तोललं आणि थांबला.

"हे माझं नाही."

"तुझंच आहे!" वर्नर हसत म्हणाला. "नंबर तर बघ."

"नंबर माझा आहे. माझ्यात होतं ते कुठाय?"

"अरे, ते मेल्खिओरचं होतं."

"ते तू मला सांगतोस?" कास्परचा आवाज इतका चढला की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. "त्याने माझ्या हातात ठेवलं होतं ते! तुमच्याच शस्त्रागाराच्या अंगणात, सेवेतून सुटलो त्या दिवशी. शेवटची तपासणी झाली, तूच नंबर वाचलेस, तूच ठीक म्हणालास. बाहेर आलो आणि तो म्हणाला, आण तुझं इकडे, हे घे माझं, आता कोण विचारतंय!"



कास्पर आणि मेल्खिओर. येशूला बघायला निघालेल्या तीन राजांपैकी दोघांची नावं, त्यामुळे तिसरा कुठाय म्हणून शाळेपासून सगळे त्यांना चिडवायचे. लढाईच्या वर्षांत दोघांनी खिंडीत एकत्र पहारा दिला. एका हिवाळ्यात बर्फाचा कडा त्यांच्या चौकीवर कोसळला, तेव्हा कास्परने मेल्खिओरला हातांनी उकरून काढला होता. आणि पुढे पन्नाशीनंतर या दोघांचं एका ओढ्याच्या पाण्यावरून बिनसलं. कुणाच्या गाईंनी आधी प्यायचं, एवढंच. तेव्हापासून वीस वर्षं बोलणं बंद. चर्चमध्ये एक डावीकडे, एक उजवीकडे. दफनालाही कास्पर कुंपणाबाहेरच उभा होता, मी डोळ्यांनी बघितलंय.

"त्याचं माझ्याकडे तेवढंच होतं," कास्पर म्हणाला. रायफल त्याने टेबलावर परत ठेवली. "ते आण. मग मी ही नेईन."

वर्नरने लगेच झुरिकला फोन लावला. मी शेजारीच उभी होते, डॉक्टरांचं बोलणं मला सगळं ऐकू येत होतं. माणूस गोड होता, तेच तर वाईट.

"नेगेलीसाहेब, मला वाईट वाटतंय, खरंच. पण जुळलेली रायफल मोडायची नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?"

"हो, पण यात एक माणूस..."

"एकदा मोडली की ती पुन्हा अस्सल राहत नाही. तुमचेच शब्द आहेत. मी त्या गृहस्थांना त्याच वर्षाचं दुसरं मॅगझिन पाठवतो. माझी भेट म्हणून."

वर्नरने आभार मानले. आभार! मी फोन हिसकावून घेणार होते. "दात उपटणाऱ्या माणसाला काय कळणार कशाची मुळं कुठे असतात!" मी म्हणाले. वर्नरने फोन जागेवर ठेवला. त्या रात्री त्याने सूपही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो रायफल घेऊन वरच्या वाडीला निघाला. त्याचे गुडघे आता चढ मानत नाहीत आणि तोंडही धड चालत नाही, म्हणून मीही निघाले. कास्पर घरामागच्या बाकावर चीज कापत बसला होता.

"मिळत नाही, कास्पर," वर्नर म्हणाला. दम लागला होता, पण तो बसला नाही. "त्यांचं काही चुकलं नाही. मी न विचारता दिलं. मी सगळी वर्षं नंबरच वाचत आलो, तेच केलं. मला क्षमा कर."

कास्पर चीज कापत राहिला. चाळीस वर्षांच्या संसारात मी वर्नरला इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं.

"हे तुझ्याकडे आलं कुठून?" कास्परने शेवटी विचारलं. "माझ्या नंबरचं."

"मेल्खिओरच्या रायफलीतून."

"रायफलीतून? का कुठल्या डब्यातून?"

"रायफलीत बसवलेलं होतं. आत."

"आत," कास्पर म्हणाला.

"हेच मॅगझिन लावून तो नेम मारायचा. झीज ताजी आहे. गेल्या वर्षीही मारलाय."

कास्परने चाकू खाली ठेवला. "मला वाटलं होतं, त्याने ते ओढ्यात फेकलं असेल."

"तू फेकलंस का?" मी विचारलं. माझ्याने राहवलंच नाही.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर पळाली असती. मग त्याचे डोळे भरले. तोंड फिरवून तो गोठ्याकडे बघत बसला आणि आम्हीही बसलो. बऱ्याच वेळाने त्याने हात पुढे केला, वर्नरने रायफल दिली. कास्परने मॅगझिन काढून तळहातावर घेतलं.

"वीसच्या वर वर्षं त्याच्याकडे होतं," तो म्हणाला. "मग आता हे माझं कसं? त्याचंच झालं की."

"नंबर..." वर्नर सुरुवात करत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"चीज घ्या," कास्पर म्हणाला.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून मैदान भरलं होतं. सॉसेजचा धूर, बटाट्याचं सॅलड, पोरांची धावपळ. सकाळ सरली तरी कास्पर आला नाही. तो दरवर्षी पहिल्या तुकडीत असायचा, दव वाळायच्या आत नेम मारून घरी जायचा, कारण दुपारी जेवणानंतर मेल्खिओर यायचा. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. वर्नर सारखा वरच्या पायवाटेकडे बघत होता. सॉसेज त्याच्या हातातच थंड झालं.

दुपारी, जेवणं उरकल्यावर, कास्पर आला. चांगला कोट घालून.

"आज उशीर?" मैदानावरच्या अधिकाऱ्याने विचारलं.

"वेळेवरच आलोय," कास्पर म्हणाला.

पालथं पडून नेम मारायला घातलेल्या चटयांपैकी डाव्या टोकाच्या चटईपाशी तो गेला. ती मेल्खिओरची जागा, तिथे त्या दिवशी अजून कोणी नेम मारायला पडलं नव्हतं. गुडघे टेकत, हाताने जमीन चाचपत तो कसाबसा आडवा झाला. त्याने मॅगझिन खालून बसवलं आणि तळहाताने हलकेच दाबलं. वर्नरने टोपी काढून हातात घेतली. कास्परने नेम धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला, कोणी घाई केली नाही.