एक्केचाळीस नंबरची जोडी

डेल्फिना ओचोआचं नाव वर्तमानपत्रात आलं, तेव्हा तिच्या बापाने ते कात्रण फ्रिजच्या दारावर लावलं आणि ग्लोब गावातल्या येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला लावलं. तिने शोधलेल्या दीर्घिकांच्या यादीतली शेवटची, एक्केचाळीस नंबरची, फार दूरची दीर्घिका, आणि तिच्या पोटात दोन कृष्णविवरं! साध्या प्रकाशात तिथे काहीच दिसत नव्हतं. उष्णतेच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात मात्र दोन ठिपके, एक ठळक, एक फिका. धुळीआड दडलेली जोडी, असं डेल्फिनाने शोधलेखात छातीठोकपणे लिहिलं होतं. ओचोआंच्या घराण्यात तांब्याच्या खाणीपलीकडे कुणी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याने थोडं मिरवलं तर बिघडलं कुठे?

त्या रविवारी ती टूसॉनहून जेवायला आली. मंगळवारी दुर्बिणीवरच्या निरीक्षणाच्या वेळेसाठी अर्ज जायचा होता. या जोडीच्या जोरावर वेळ मिळाला तर विद्यापीठातली नोकरी दोन वर्षं टिकणार, नाहीतर डिसेंबरात गाशा गुंडाळायचा.

"तुमच्या दुर्बिणीचे डोळे दिपत नाहीत का गं?" तव्यावर टॉर्टिया उलटत बापाने विचारलं. चाळीस वर्षं त्याने पाइपांचं वेल्डिंग केलं होतं.

"दिपतात की. झगझगीत तारा पाहिला की कॅमेऱ्याच्या चिपवर डाग राहतो थोडा वेळ."

"आमचंही तेच. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिली की भिंतीवर हिरवा ठिपका. नवख्यांना सांगायचो, मान हलव. ठिपका नजरेबरोबर सरकला तर तो भिंतीवर नाही बाबा, तुझ्या डोळ्यात आहे."

डेल्फिनाचा घास तोंडातच राहिला.

दर छायाचित्रानंतर दुर्बीण जराशी सरकवायची, म्हणजे आकाशाची स्वतःची ऊब वजा करता येते. मग तारे ताऱ्यांवर बसवून सगळी छायाचित्रं एकत्र करायची. ही तिच्या कामातली रोजची रीत. एक्केचाळीस नंबरच्या वेळी ढग आले, म्हणून तिने नऊ छायाचित्रांतली पहिली दोनच ठेवली होती. चिपवर एकच डाग असेल, तर दुर्बीण सरकल्यावर तो आकाशात दोन जागी दिसेल. जोडीने.

"अपा, मी निघते."

"अगं, जेव तरी!"

"डब्यात दे."

डबा तसाच राहिला. ऑफिसात तिने कच्ची छायाचित्रं शेजारी शेजारी उघडली. दोन्हींत डाग चिपच्या त्याच कोपऱ्यात, दुसऱ्यात फिका होत गेलेला. जोडीतलं अंतर दुर्बीण सरकवली तेवढंच, केसभरही इकडेतिकडे नाही. नोंदवही पाहिली, तर तिच्या आधी दुसऱ्या कुणी एक भलाथोरला झगझगीत तारा न्याहाळला होता. साध्या प्रकाशात तिथे काही दिसत नव्हतं, कारण तिथे काही नव्हतंच. ती पोटभर रडली आणि मग बापाला फोन केला.

त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आमच्यात प्रत्येक जोडाशेजारी आपला नंबर ठोकायचा," मग तो म्हणाला. "जोड फुटला की ज्याचा नंबर, त्यानंच कापायचा, घासायचा आणि पुन्हा भरायचा. दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही."

सोमवारी सकाळी ती हॉलिससमोर उभी राहिली. तिचे वरिष्ठ, त्या लेखावर त्यांचंही नाव होतं.

"उपकरणाचा दोष म्हणू," ते म्हणाले. "आणि आधी अर्ज जाऊ दे. दुरुस्ती सावकाश छापू."

"उपकरण नेहमीसारखंच वागलं. न बघता जोडलं ते मी."

"नोकरी जाईल, डेल्फिना."

"जाऊ दे. नसलेल्या जोडीच्या नावावर मला एक मिनिटही नको."

"फार हट्टी आहेस."

"वेल्डरची पोर आहे."

हॉलिसनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग दुरुस्तीत माझंही नाव घाल. कच्ची छायाचित्रं मी तरी कुठे पाहिली होती?"

दीड दिवसात तिने उरलेल्या चाळीस दीर्घिकांचं एकेक कच्चं छायाचित्र तपासलं. सगळ्या खऱ्या निघाल्या. मंगळवारी गेलेल्या अर्जाची पहिलीच ओळ होती: 'एक्केचाळीस नंबर अस्तित्वात नाही, चूक माझी.'

नोव्हेंबरात उत्तर आलं. सहा रात्री मागितल्या होत्या, एक मिळाली. नोकरीची मुदत वाढली नाही. दोन्ही बातम्या सांगायला ती ग्लोबला गेली.

फ्रिजवर कात्रण होतंच. शेजारी, तेवढ्याच दिमाखात, छापून आलेली दुरुस्ती. दोन्हींखाली बापाने जाड पेनाने लिहिलं होतं: डे. ओ. ४१.

"हा तुझा नंबर," तो म्हणाला. "जोड फुटला तोही तुझा, भरला तोही तुझाच. आता सांग, त्या एका रात्रीत काय बघणार?"

"सतरा नंबर," डेल्फिना म्हणाली. "मान हलवून."