तिसरी ओळ

मुलांनो, अंगठा आणि करंगळी सोडून उजव्या हाताची बाकीची तीन बोटं गुडघ्यावर टेकवा. समजा, त्या बोटांखाली पितळेची तीन बटणं आहेत. पहिलं दाबा. मग पहिलं आणि दुसरं मिळून दाबा. आता सगळी सोडा. आवाज आला का? कसा येईल? फुंकलंय कुणी? आता असं समजा, की तुम्हाला फुंकायची मनाईच आहे, तीही वर्षभर. भोवती सगळे वाजवताहेत आणि तुम्ही त्यांच्या मधोमध बसून नुसती बटणं दाबताय. एवढं मनात आणता आलं, तर मुक्ता तुम्हाला भेटली म्हणायची.

मुक्ता तेरा वर्षांची होती. नगरच्या एका शाळेच्या बँडमध्ये ती कॉर्नेट वाजवायची. कॉर्नेट म्हणजे तुतारीच्या कुळातलं, पण हातभरही लांब नसलेलं पितळी वाद्य. ते तिच्या वडिलांनी पुण्याच्या कॅम्पातून जुनं विकत आणलं होतं. वडील गोरक्षनाथ लष्कराच्या बँडमध्ये होते. लढाई सुरू झाली की लष्करातले वाजंत्री वाद्यं पेटीत ठेवतात आणि जखमींची स्ट्रेचर उचलायला जातात. एकाहत्तरच्या डिसेंबरात गोरक्षनाथ असेच गेले आणि परतले नाहीत. तिकडेच त्यांना अग्नी दिला. घरी एक ट्रंक आली.

तेव्हापासून आजीने सांगून ठेवलं होतं, वर्ष भरेपर्यंत वाद्याला तोंड लावायचं नाही. मुक्ताने ते मानलं. पण बँडच्या तासाला यायचं तिने सोडलं नाही. कॉर्नेट मांडीवर घेऊन बसायची आणि बटणं दाबायची.

बँड शिकवायचे ते शरच्चंद्र जोगळेकर सर. तरुणपणी ते पुण्याला कॅम्पातल्या एका हॉटेलात क्लॅरिनेट वाजवत, आणि घरच्यांना 'शिकवणीला जातो' म्हणून सांगत. तिथे ते जाझ शिकले. पुढे नगरला मास्तर झाले, तरी ते वेड काही गेलं नाही. नगरचे एक निवृत्त बँडमास्टर गाव सोडून जाताना त्यांना एक पेटीभर कागद देऊन गेले होते. जाझमधल्या स्विंग आणि ब्लूज प्रकारच्या धुना, कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते सगळं वेगवेगळं लिहिलेल्या. त्या दिवशी सर नाचायचेच राहिले होते.

बहात्तर साली पाऊस झाला नाही. विहिरी तळाला गेल्या, शाळेच्या हौदावर कुलूप आलं. दिवाळीनंतरचं संमेलन होणार की नाही, अशीच बोलणी होती. शेवटी हेडसर म्हणाले, "भरदुपारी करू. रोषणाई नको, खाऊ नको. बँडच्या तीन धुना बसवा, मुलांना तेवढंच बरं वाटेल."

सर कामाला लागले. हार्मोनियमच्या झाकणावर कागद पसरायचे आणि चष्मा कपाळावर चढवून बघत राहायचे. मुलांसाठी धून निवडायची म्हणजे मापं घेऊनच कपडा फाडायचा. सॅक्सोफोन शाळेत नव्हता, तर त्याचं काम लीनाच्या क्लॅरिनेटला जमेल का? खालचे सूर काढायला ट्रॉम्बोनची नळी पार पुढे सरकवावी लागते, आणि सहादेवचा हात तितका लांब नव्हता.

"सर, सह्याला स्टुलावर उभा करा," ढोलामागून छगन म्हणाला.

"स्टुलावर चढून हात लांब होतो होय रे?"

"मग नळीला दोरी बांधू. मी ओढतो."

"तू तुझा ढोल ओढ. काल धुनीच्या शेवटी सगळ्यांच्या आधी घरी पोचला होतास."

तर सहादेवला पोचणार नाहीत असे सूर ज्यांत फार होते, त्या धुना बाजूला झाल्या. फार उंच जाणाऱ्याही झाल्या, कारण उपाशीपोटी दम टिकत नाही आणि त्या वर्षी पुष्कळ डबे अर्धेच भरून यायचे. उरल्या त्यांतून सरांनी तीन काढल्या.

पहिल्या दोन स्विंगच्या. स्विंग कसं असतं हे सरांनी फळ्यावर शिकवलं नाही. मुलांना फाटकाशी उभं केलं आणि माळीवाड्याकडून येणारा टांगा ऐकवला. "घोड्याची दुडकी चाल ऐका. टाऽक टिक, टाऽक टिक. एक पाऊल लांब, एक आखूड. दोन्ही सारखी टाकली तर ती परेड झाली. आपल्याला परेड नकोय." म्हणून पहिल्या धुनीचं नाव पडलं टांगा. दुसरी फार धावायची, तिचं नाव लालडबा, म्हणजे आपली एस्टी.

तिसरी ब्लूज होती. ती इतकी संथ चालायची की तिला कुणी नावच ठेवलं नाही. सगळे नुसतं 'ती हळूवाली' म्हणत. कागदावर उभ्या रेघांनी पाडलेली तिची बारा घरं होती. चार घरांत एक ओळ. पुढच्या चारांत तीच ओळ पुन्हा. आणि शेवटच्या चारांत त्या ओळीला उत्तर. ही बारा घरं मिळून एक फेरी. मधल्या एका फेरीत बाकी सगळे गप्प बसायचे, फक्त ढोल हळू चालायचा, आणि ती फेरी सगळी कॉर्नेटची. बँडमध्ये ती वाजवू शकेल अशी एकटी मुक्ता होती.

तालमीत ती फेरी रिकामीच जायची. सरांनी चार दिवस विचार केला. आणि मग, मुलांनो, मायेची माणसं करतात तशी चूक केली. पोरीच्या जखमेवर बोट कशाला ठेवा, असं मनाशी म्हणत त्यांनी तो कागद पेटीत परत ठेवला आणि तिसरीही स्विंगच घेतली. कुणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगताच छगनने ढोलावर एक दणका दिला. "झकास! हळूवालीत मला झोपच यायची."

मुक्ताची बोटं थांबली. तिने कॉर्नेट फडक्याने पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटीचे खटके लावले. दुसऱ्या दिवशी ती तासाला आली नाही. पुढेही आली नाही.

आठवडा गेल्यावर लीना सरांपाशी रेंगाळली. "सर, मुक्ता हळूवालीच वाजवायची."

"म्हणजे?"

"बोटांनी. तुम्ही टांगा घ्या, लालडबा घ्या, ती आपली तीच वाजवायची. मी शेजारी बसते ना, मला दिसायचं. तुम्हाला नाही दिसलं कधी?"

सरांना नव्हतं दिसलं. बँडपुढे उभं राहणारा माणूस ऐकत असतो, आणि मुक्ताकडे ऐकण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी ते सायकल मारत केडगावला गेले. अंगणात मुक्ताची आजी गोजरबाई सुपात रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत बसली होती. आई रतनबाई पाण्याच्या रांगेत उभी होती. मुक्ता उंबऱ्यावर बसली होती. सरांना पाहून ती उठली, आणि तांब्याच्या तळाशी होतं तेवढं पाणी त्यांच्यापुढे ठेवून पुन्हा तिथेच बसली.

"बसा मास्तर," गोजरबाई म्हणाली. "पोरीचं काय चुकलं काय?"

"तिचं नाही, आजी. माझं चुकलं. एक धून तिच्याच हातची होती, ती मी तिला न विचारता काढून टाकली."

"काढली ती बरी केली. आवंदा कशाला वाजवनं? वर्स न्हाई भरलं अजून. ब्यांड म्हंजी वरात. बाप जाऊन वर्स न्हाई झालं आन् लेक वरातीत वाजवती, आसं लोकं म्हनतील. मला न्हाई ऐकवायचं ते."

"ही वरातीची नाही."

"मंग कशाची हाय?"

शाळेत सरांकडे खडू होता, हार्मोनियम होती, दाराशी टांगा होता. इथे सायकलला क्लॅरिनेट अडकवलेलं होतं, पण दुखवट्याच्या घरी ते कसं काढायचं? अखेर ते म्हणाले, "आजी, वाद्य काढत नाही. तोंडाने म्हणून दाखवतो. चालेल?"

"तोंडाला कोन मना करतंय?"

सरांनी डोळे मिटले आणि मंद आवाजात ती ओळ गुणगुणली. शब्द नव्हते, नुसते सूर. वरून खाली येताना एक सूर असा, की जागेवर पोचायच्या जरा आधीच तो वाकतो. मग तीच ओळ पुन्हा. मग तिसरी, उत्तराची.

सुपातला गोजरबाईचा हात थांबला होता. "आजून एकडाव म्हना."

सरांनी पुन्हा म्हटली.

"कुठलं हाय हे?"

"अमेरिकेतलं. तिथे काळ्या लोकांना गुलाम करून नेलं होतं. त्यांच्या लेकरा-नातवंडांनी केलेलं."

"ही मिलो बी तिकडचीच म्हनं. निस्ती कुसळं." तिने सूप खाली ठेवलं. "तिथं बी मानसं मरत्यात म्हना. बाया रडत्यात."

मग पदर तोंडावर ओढून ती बोलू लागली, आणि बोलता बोलता तिच्या बोलण्याला हेल आला. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका हेल काढून रडतात ना, तसा.

"गोरख्या माझ्या, भाकर झाकून ठिवली रं…
गोरख्या माझ्या, भाकर झाकून ठिवली रं…
दार वाजंना, तवा निवला रं…"

ओळ, तीच ओळ, आणि मग उत्तर. सूर वेगळे होते, वाकत मात्र त्याच जागी होते. सरांनी उंबऱ्याकडे पाहिलं. मुक्ताची नजर जमिनीवर होती, आणि गुडघ्यावर तीन बोटं हलत होती. आज सरांनी ती नीट पाहिली. पहिलं. पहिलं-दुसरं. सगळी सोडलेली. तिसऱ्या ओळीला ती थांबली.

मग पदराने तोंड पुसत गोजरबाईने विचारलं, "मुक्ते, हेच वाजवीत बसतीस व्हय साळंत?"

"व्हय."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू म्हनली हुतीस, तोंड लावायचं न्हाई. म्या न्हाई लावलं."

गोजरबाईने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. दोन-चार खडे निवडून टाकले. "मास्तर, नाचायचं-कुदायचं आसंल ते हिनं वाजवायचं न्हाई. वर्स भरंपत्तर न्हाई. ते मी मोडू द्याची न्हाई." आणखी एक खडा. "पर रडायला मनाई न्हाई. कुनालाच न्हाई. हे तेवढं वाजवू द्या."

सोमवारी सरांनी पेटीतून कागद पुन्हा काढला. तिसरी स्विंग आत गेली. छगनने तोंड वाकडं केलं, पण लीनाने त्याला कोपऱ्यात नेऊन काहीतरी सांगितलं. त्यानंतर त्याने आपणहून ढोलाच्या टिपरूला फडकं गुंडाळलं, आवाज मऊ यावा म्हणून.

मुक्ता रोज येऊ लागली. पण तालमीत एक गोष्ट घडायची. पहिली ओळ ती वाजवायची. दुसरी त्याहून चांगली. आणि तिसरीला अडायची. तोंड कॉर्नेटला असायचं, बोटं बटणांवर असायची, फुंक मात्र यायची नाही. सर तिला रागावले नाहीत, की त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ती ओळ भरून घेतली नाही. लीनाने विचारलं, "मी वाजवू का तिच्या जागी?" सर म्हणाले, "ती जागा तिची आहे. रिकामी राहिली तर रिकामी राहू दे."

संमेलनाच्या दुपारी ऊन सतरंजीवर आलं होतं. गोजरबाई रतनबाईबरोबर बायकांत मागे बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. टांगा झाला. लालडबा झाला. छगनने शेवटी सगळ्यांच्या बरोबरच घर गाठलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोन्ही वेळी मुक्ता कॉर्नेट मांडीवर घेऊन बसली होती, आणि आज तिची बोटंही हलत नव्हती.

मग हळूवाली सुरू झाली. सगळ्यांची फेरी झाली आणि एकेक वाद्य गप्प झालं. राहिला फक्त छगनचा फडक्यातला ढोल, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. मुक्ता उभी राहिली आणि तिने कॉर्नेट ओठांना लावलं.

पहिली ओळ वाजली. जवळजवळ वर्षभर बंद असलेला तो आवाज आधी जरा खरखरला, मग उघडला. दुसरी ओळ वाजली. मागे बायकांत कुणीतरी हुंदका दाबला.

तिसऱ्या ओळीची चार घरं आली, आणि मुक्ताने कॉर्नेट खाली घेतलं.

ढोल चालत राहिला. एक घर रिकामं गेलं, दुसरं गेलं. मुलं सरांकडे पाहू लागली. इथे हात हलवून सगळ्यांना आत घेता आलं असतं, म्हणजे कुणाला काही कळलंही नसतं. सरांनी हात हलवला नाही. तिसरं घर गेलं, चौथं गेलं. दार वाजलं नाही.

मग सरांनी एक बोट वर केलं. बँडमध्ये त्याचा अर्थ ठरलेला असतो. आणखी एक फेरी.

छगनने मान हलवली आणि ढोल सोडला नाही. मुक्ताने वळून मागे पाहिलं. बायकांच्या गर्दीत गोजरबाईने तोंडावरचा पदर बाजूला केला होता आणि ती सरळ तिच्याकडे बघत होती.

मुक्ताने पहिली ओळ पुन्हा वाजवली. दुसरी वाजवली. मग डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, आणि तिसरी ओळ सुरू केली.