चिमीची टोपी

नर्सने चिमीची टोपी काढली आणि ती जागीच थबकली. आईने वाकून पाहिलं.

चिमीच्या डोक्यावर भाजल्याचा मोठा डाग होता, तिथे केस उगवत नव्हते. डागाशेजारी कातडीखाली डॉक्टरांनी एक फुगा बसवला होता. दर आठवड्याला त्यात सुईने थोडं पाणी भरायचं, म्हणजे वरची केसाळ कातडी वाढते. मग ती डागावर ओढून शिवायची. फुगा लिंबाएवढा होता तेव्हा आईने ही टोपी शिवली. लोकांच्या नजरा मेल्या चिकटतात ना! आता फुगा संत्र्याएवढा झाला होता. अख्ख्या गल्लीचे कपडे उसवून सैल करून देणारी ही बाई, पण लेकीची टोपी सैल करायचं काही तिला सुचलं नाही. परवा न्हाऊ घालताना कातडी लाल दिसली, तर म्हणाली, ताणामुळे असेल.

आज कातडीला भोक पडलं होतं आणि आतून फुगा चकाकत होता.

"टोपीच्या दाबाने कातडी मेली," डॉक्टर म्हणाले. "फुगा आजच काढावा लागेल."

"अगं, दुखत होतं तर सांगायचं नाही का मला?" आई जवळजवळ ओरडलीच.

चिमीने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"आई, टोपी दे ना लवकर," ती कुजबुजली. "सगळे बघताहेत."